फीत कापल्यानंतरचं सांगा : विकास भागीदारी प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. परराष्ट्र सचिव
आणि विकास भागीदारी प्रशासनातील सर्व अधिकारी,
परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

भारत इतर देशांना गेली सत्तर वर्षं मदत देत आला आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. आपण मदत घेणारा देश, हीच जुनी ओळख लोकांच्या मनात बसलेली आहे. पण 1954 मध्ये काठमांडूत भारतीय मदत मिशन सुरू झालं. 1961 मध्ये भूतानची पहिली पंचवार्षिक योजना आपल्या पैशावर उभी राहिली. तेव्हा आपलं स्वतःचं धान्य आपल्याला पुरत नव्हतं, तरी शेजाऱ्याच्या रस्त्यासाठी आपण हात आखडता घेतला नाही. मला त्या पिढीचं मोठेपण वाटतं. पुढे जानेवारी 2012 मध्ये ही विखुरलेली कामं एका छपराखाली आणून विकास भागीदारी प्रशासन स्थापन झालं, आणि म्हणून हे पत्र तुम्हाला.

2025-26 च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र मंत्रालयाच्या वाट्याला 20,516 कोटी रुपये आले. त्यातले साडेपाच हजार कोटींच्या आसपास इतर देशांच्या मदतीसाठी, आणि त्यातही 2,150 कोटी एकट्या भूतानसाठी. आयात-निर्यातीला अर्थसाहाय्य करणाऱ्या सरकारी एक्झिम बँकेमार्फत इतर देशांना दिलेली सवलतीची कर्जं, म्हणजे लाइन ऑफ क्रेडिट, याहून वेगळी. हा खर्च कमी करा असं मी म्हणणार नाही. उलट, तो वाढावा असंच मला वाटतं. माझं मागणं एकच आहे. एखादं काम पूर्ण झालं की तुम्ही ते जाहीर करता, फोटो येतात, निवेदन निघतं. त्यानंतर दोन वर्षांनी, पाच वर्षांनी ते काम चालू आहे का, कोण वापरतं आहे, बंद पडलं असेल तर कशानं, हेही नियमानं तपासा आणि सगळ्यांना वाचता येईल असं छापा.

मी अभियंता आहे. आयटेक, म्हणजे भारतीय तांत्रिक आणि आर्थिक सहकार्य कार्यक्रम, याच्या वर्गांना सिंचनाचे पंप आणि त्यांची देखभाल हा विषय मी बरीच वर्षं शिकवला. आयटेक 15 सप्टेंबर 1964 रोजी सुरू झालं, आणि आज 160 हून अधिक देशांतले अधिकारी, शिक्षक, तंत्रज्ञ त्यातून भारतात शिकायला येतात. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, फी, सगळं भारत सरकारचं. इतक्या वर्षांत मला एकही प्रशिक्षणार्थी असा भेटला नाही ज्याला याचं अप्रूप नव्हतं. भारताची मदत कशी पोहोचते, याचं माझं बरंचसं शिक्षणही याच लोकांकडून झालं. कारण वर्गात ते शिकायला येतात, पण चहाच्या सुट्टीत तेच आपल्याला सांगत असतात.

आमच्या एका तुकडीत पश्चिम आफ्रिकेतला एक कृषी अभियंता होता. सगळे बाहेर गेल्यावर तो माझ्यापाशी थांबला आणि त्यानं फोनवर एक फोटो दाखवला. पंपाची नेमप्लेट. वर धुळीचा थर, पण आकडे स्पष्ट वाचता येत होते : किती किलोवॉट, किती हेड (म्हणजे पाणी किती उंच चढवतो), सेकंदाला किती लिटर, कोणत्या वर्षी बनला. पंप भारतीय होता, भारताच्याच कर्जातून आलेला. पुढचा फोटो शाफ्टचा. मेकॅनिकल सील गेलं होतं. ज्यांनी पंप उघडलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, सील ही तळहातावर मावणारी वस्तू आहे. कार्बनची एक चकती, सिरॅमिकची दुसरी, त्यांना एकमेकींवर दाबून धरणारी स्प्रिंग. नदीच्या पाण्यात रेती असली की या चकत्या झिजतात. मग पाणी शाफ्टवरून बाहेर येऊ लागतं, बेअरिंगमध्ये शिरतं, बेअरिंग अडकतं आणि शेवटी मोटर जळते. एवढ्याशा चकतीपायी पूर्ण पंप भंगारात जातो.

त्या गृहस्थानं सील काढून मापं घेतली होती, वहीत नीट आकृती काढली होती. कंत्राटाबरोबर आलेले सुटे भाग केव्हाच संपले होते. नवे मागवायचे तर परकीय चलन हवं, आणि ते त्याच्या जिल्हा कार्यालयाच्या हातात नव्हतं. पुरवठादाराचा माणूस प्रकल्प संपला त्याच महिन्यात देश सोडून गेला होता. राजधानीतल्या खात्याच्या लेखी प्रकल्प पूर्ण झालेला, त्यामुळे फाइल बंद. आणि नदी भरून वाहत असताना शेत कोरडं. तो परत जाताना आम्ही त्याच्या सामानात जमतील तितकी सील भरून दिली. पण एका माणसाच्या बॅगेतून किती गावांचे पंप चालणार?

ही गोष्ट मी कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. पंप चांगला होता. कंत्राटदारानं कंत्राटात लिहिलेलं सगळं केलं होतं. कर्ज वेळेवर मंजूर झालं होतं. प्रत्येकानं आपापलं काम चोख केलं, आणि तरी पाणी थांबलं. माझं म्हणणं आहे की हा मदतीच्या रचनेतला दोष आहे, आणि ती रचना बदलणं तुमच्या हातात आहे.

लाइन ऑफ क्रेडिट कशी चालते ते वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, तुम्हाला ते माहीतच आहे. एखाद्या देशाचं सरकार तिथल्या भारतीय दूतावासामार्फत प्रस्ताव देतं. तुमचं मंत्रालय आणि अर्थ मंत्रालय तो तपासून मंजूर करतात. एक्झिम बँक त्या सरकारशी करार करते. व्याजातली सवलत भारत सरकार भरून देतं. काम भारतीय कंपनीला मिळतं, आणि साधारणपणे किमान 75 टक्के माल व सेवा भारतातून घ्याव्या लागतात. बांधकामाच्या प्रकल्पांत ही अट थोडी सैल करता येते. एक्झिम बँक कंत्राटदाराचे पैसे इथेच चुकते करते. म्हणजे पैसा बहुतांशी भारतातच राहतो, आणि कर्ज मात्र त्या देशाच्या नावावर चढतं.

यात गैर काही नाही. जपान, चीन, कोरिया, सगळेच थोड्याफार फरकानं असंच करतात. पण बिल कशावर निघतं ते पाहा. माल जहाजावर चढल्याची कागदपत्रं, काम अमुक टप्प्यापर्यंत आल्याचा दाखला, शेवटी हस्तांतराचं प्रमाणपत्र. या साखळीतली शेवटची कडी हस्तांतर आहे. त्याच्या पलीकडे कुणाचं बिल अडलेलं नसतं, म्हणून त्याच्या पलीकडे कुणी पाहतही नाही. शेतकऱ्याची गरज मात्र नेमकी तिथून सुरू होते.

मलावीचं उदाहरण तुमच्या कार्यालयातही सर्वांना ठाऊक असेल. त्या देशानं आपल्या एक्झिम बँकेकडून 5 कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. त्यातून 177 ट्रॅक्टर आणि मक्याचे दाणे काढणारी 144 यंत्रं आली. छोट्या शेतकऱ्यांना भाड्यानं ट्रॅक्टर मिळावेत, पिकाची उत्पादकता वाढावी, असा हेतू सांगितला होता. 2016 साली मलावीच्या लोकपाल मार्था चिझुमा यांनी चौकशी करून अहवाल काढला. शंभर ट्रॅक्टर सरकारनं विकून टाकले होते आणि घेणाऱ्यांत राजकारणी आणि बडी माणसं होती. बरीच यंत्रं नुसती पडून होती. लोकपालांनी सरकारला जनतेची माफी मागायला सांगितलं, कारण ट्रॅक्टर मिळाले मूठभरांना आणि कर्ज फेडणार होते सगळे.

या प्रकरणात भारतानं काही चुकीचं केलं असं लोकपालांच्या अहवालाचं म्हणणं नव्हतं, आणि माझंही नाही. आपण ट्रॅक्टर पाठवले, ते पोहोचले. आपल्या बाजूनं मदत पोहोचली. मला अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट : भारतीय कर्जातून गेलेल्या यंत्रांचं काय झालं हे जगाला मलावीच्या लोकपालांनी सांगितलं, नवी दिल्लीनं सांगितलं नाही. आपले पैसे, आपले ट्रॅक्टर, आपला दूतावास. दोन-तीन वर्षांनी एखादा अधिकारी यादी घेऊन गेला असता तर 177 ट्रॅक्टर शोधायला त्याला किती वेळ लागला असता?

आणि जी कामं उत्तम झाली त्यांचीही आपल्याकडे धड नोंद नाही, याची मला जास्त हळहळ वाटते. श्रीलंकेतली घरं घ्या. यादवी संपल्यानंतर 2010 मध्ये भारतानं तिथे 50,000 घरांचं वचन दिलं. पहिली 1,000 घरं कंत्राटदारांकरवी बांधली गेली. त्यानंतर पद्धतच बदलली गेली. 2 ऑक्टोबर 2012 पासून उत्तर आणि पूर्वेकडच्या प्रांतांत ज्याचं घर त्यानंच बांधायचं असं ठरलं. नव्या घरासाठी कुटुंबाला 5 लाख 50 हजार श्रीलंकन रुपये, दुरुस्तीसाठी अडीच लाख. पैसे उच्चायुक्तालयाकडून थेट कुटुंबाच्या बँक खात्यात, आणि तेही टप्प्याटप्प्यानं : पाया झाला की एक हप्ता, भिंती उभ्या राहिल्या की पुढचा. यूएन-हॅबिटाट, रेड क्रॉस यांसारख्या संस्थांचे अभियंते गावात फिरून बांधकाम तपासत, सल्ला देत.

मला ही भारताच्या मदतीतली सर्वांत शहाणी कल्पना वाटते. युद्धानं बेघर झालेली बाई, जिचा नवरा कदाचित परत आलेला नाही, ती स्वतः गवंडी ठरवते, विटा मोजून घेते, दार कुठल्या बाजूला हवं ते सांगते. दुसऱ्यानं बांधून दिलेल्या खोक्यात ती राहायला जात नाही. मधला कंत्राटदार गेला, मधली गळतीही गेली. अडचणी होत्याच. सिमेंट-वाळूचे भाव चढले आणि पुष्कळ कुटुंबांना वरचे पैसे कर्ज काढून घालावे लागले. ज्या घरात कमावतं माणूसच नाही तिथे बांधकामावर देखरेख करणंही सोपं नव्हतं. मग चहाच्या मळ्यांच्या भागातल्या घरांना पुढे वाढीव रक्कम दिली गेली. म्हणजे तुमच्याच विभागानं अनुभवातून शिकून सुधारणा केली. हे शिकणं कसं झालं, कुणाच्या ध्यानात आलं, रक्कम कशी ठरवली, हे लिहून ठेवलं तर जगातल्या मदत करणाऱ्या कुठल्याही संस्थेला ते उपयोगी पडेल. आज ते बहुधा कुठल्या तरी फाइलीत आणि निवृत्त झालेल्या दोन-चार अधिकाऱ्यांच्या डोक्यात आहे.

नेपाळमध्ये 2015 च्या भूकंपानंतर हीच वाट आपण पुन्हा धरली. गोरखा जिल्ह्यात 26,912 आणि नुवाकोटमध्ये 23,088 अशी बरोबर 50,000 घरं. तिथेही मालकच बांधणारा, आणि अभियंते दारोदार जाऊन भूकंपाला टिकेल असं बांधकाम कसं करायचं ते दाखवणारे. एका देशात शिकलेलं दुसऱ्या देशात वापरलं गेलं. डोंगराळ भागात, जिथे सिमेंटची गोणी पाठीवरून न्यावी लागते, तिथे हे काम तडीस गेलं.

श्रीलंकेतली '1990 सुवा सेरिया' ही रुग्णवाहिका सेवा (1990 हा तिचा फोन नंबर) मला याहूनही महत्त्वाची वाटते. 2016 मध्ये भारताच्या अनुदानातून ती पश्चिम आणि दक्षिण प्रांतांत सुरू झाली, पुढे देशभर गेली. एकूण 297 गाड्या. गाड्या देणं सोपं होतं. खरी करामत त्यानंतरची आहे. 2018 मध्ये श्रीलंकेच्या संसदेनं या सेवेसाठी कायदा करून स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन केलं, आणि चालवण्याचा खर्च त्यांच्या सरकारनं उचलला. फोन उचलणारी माणसं, प्रशिक्षित परिचारक, डिझेल, टायर, सगळ्याची तजवीज कायद्यानं झाली. म्हणूनच 2022 मध्ये त्या देशाची अर्थव्यवस्था कोसळली तरी ही सेवा नाहीशी झाली नाही. त्या वर्षी आपण श्रीलंकेला सुमारे 4 अब्ज डॉलरचा आधार दिला, त्याची बातमी सर्वत्र झाली. 1990 वर फोन लागतो याची बातमी होत नाही.

पंप आणि रुग्णवाहिका, दोन्ही भारताच्याच मदतीतून गेलेल्या. रुग्णवाहिकेच्या बाबतीत उद्या कोण चालवणार हे ठरलं, पंपाच्या बाबतीत ठरलं नाही. निकालातला सगळा फरक तिथे आहे.

मोठ्या प्रकल्पांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यांची चर्चा संसदेत होते. परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीनंही विलंबाकडे वेळोवेळी बोट दाखवलं आहे. मिझोरमला म्यानमारमार्गे समुद्राशी जोडणाऱ्या कलादान प्रकल्पाचा करार 2008 चा. सित्वे बंदर 2023 मध्ये सुरू झालं, पण पलेत्वाहून मिझोरमच्या सीमेकडे येणारा रस्ता अपुरा आहे आणि आता तो भाग सशस्त्र संघर्षात सापडला आहे. तिथे तुमच्या हातात फारसं काही नाही, हे समजतं.

भूतानमधल्या पुनात्सांगछू-1 बद्दल मात्र बोललं पाहिजे. 1,200 मेगावॉटचा हा जलविद्युत प्रकल्प 2008 च्या सुमारास सुरू झाला. 2013 मध्ये धरणाच्या जागी उजव्या बाजूचा डोंगर सरकला. सुमारे 3,500 कोटींचा अंदाज 9,000 कोटींच्या पुढे गेला, आणि वर्षामागून वर्षं लोटली तरी धरण उभं राहिलं नाही. त्याच भूतानमध्ये आपण बांधलेला 720 मेगावॉटचा मांगदेछू 2019 मध्ये उत्तम सुरू झाला, म्हणजे आपल्याला काम येत नाही असं नाही. पण पुनात्सांगछू-1 च्या खर्चातला 40 टक्के भाग अनुदान आणि 60 टक्के कर्ज आहे. विलंब आपल्या अभियंत्यांच्या अंदाजात झाला असो की डोंगराच्या पोटात, व्याज भूतानच्या खात्यावर चढत राहतं. आठ लाखांच्या आत लोकसंख्या असलेल्या देशाला हे ओझं किती मोठं वाटत असेल याचा विचार करा. भूगर्भाची तपासणी कुठे अपुरी पडली, निर्णय घ्यायला इतकी वर्षं का लागली, हे आपणच उघडपणे लिहिलं तर त्या देशाचा आपल्यावरचा विश्वास वाढेल.

यावर तुमचं उत्तर काय असेल याचा मला अंदाज आहे. आपण दाते नाही, भागीदार आहोत. त्यांच्या कारभारात नाक खुपसणं आपलं धोरण नाही. जुलै 2018 मध्ये कंपालात युगांडाच्या संसदेपुढे बोलताना पंतप्रधानांनी हेच तत्त्व मांडलं, की आफ्रिकेशी आपली विकास भागीदारी त्यांच्या प्राधान्यक्रमानुसार चालेल. हे तत्त्व मला मनापासून पटतं. पाश्चात्त्य देशांनी मदतीबरोबर अटींची जी लांबलचक शेपटी लावली ती आपण लावली नाही, याचा आदर माझ्या प्रत्येक तुकडीत मी पाहिला आहे.

पण त्यांचे प्राधान्यक्रम म्हणजे कुणाचे? मंत्र्यांचे की जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचे? मलावीच्या लोकपाल मलावीच्याच होत्या. त्यांनाही आपल्या देशात काय आलं आणि कुठे गेलं हे जाणून घ्यायचं होतं. आपण प्रकल्पाची माहिती उघडी ठेवली तर त्या देशाच्या सरकारवर हुकूम गाजवल्यासारखं होत नाही, त्या देशाच्या नागरिकाच्या हातात कागद येतो. तपासणी त्यांच्याच लेखापरीक्षकांबरोबर, त्यांच्याच विद्यापीठांबरोबर करा. भागीदारी त्याहून चांगली कशी दिसेल?

आणि 75 टक्क्यांच्या अटीबद्दल. ती काढून टाका असं मी म्हणत नाही. आपल्याकडच्या कारखान्यांना तिचा उपयोग होतो आणि तसं म्हणण्यात लाज वाटण्याचं कारण नाही. पण माल आमच्याकडूनच घ्या असं म्हटलं, की तो माल चालता ठेवण्याची जबाबदारीही आपल्यावर येते. घेणाऱ्याला दुसरीकडून घेण्याची मोकळीक असती तर त्यानं शेजारच्या देशात सुटे भाग मिळतात असा पंप निवडला असता. ती मोकळीक आपण काढून घेतली. तेव्हा यंत्रांच्या प्रत्येक कंत्राटात पाच वर्षांची देखभाल, त्या देशातच सुट्या भागांचा साठा आणि तिथल्या मेकॅनिकांचं प्रशिक्षण यांची वेगळी तरतूद हवी, आणि कंत्राटदाराच्या बिलाचा काही हिस्सा ही पाच वर्षं संपेपर्यंत राखून ठेवायला हवा.

प्रशिक्षणाचा विषय निघाला म्हणून हेही सांगतो. तुमच्याकडे कर्जाच्या प्रकल्पांचं काम एका विभागाकडे आणि आयटेकचं दुसऱ्या विभागाकडे आहे. दोन्ही विभाग एकाच मंत्रालयात, पण वर्गात बसलेल्या माणसाकडे पाहिलं की हे जाणवत नाही. तो पंपवाला अभियंता माझ्या वर्गात आला तो त्याच्या खात्यातली पाळी म्हणून. त्याच्या जिल्ह्यात भारतीय पंप आहेत हे त्याची निवड करताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि तो येणार आहे हे पंप पुरवणाऱ्याला माहीत नव्हतं. जिथे आपलं यंत्र जातं तिथल्याच दोन माणसांना आयटेकच्या जागा राखून ठेवल्या, तर एक रुपयाही जास्त खर्च होणार नाही. त्यांना त्याच यंत्रावर शिकवू. यंत्र उघडून बसवायला लावू. परत जातील तेव्हा त्यांना सील बदलता येईल आणि कुणाला फोन करायचा हेही माहीत असेल.

माहिती उघडी ठेवण्याबाबत आपण स्वतः घेणारे म्हणून काय पाहिलं तेही आठवा. दिल्ली मेट्रो जपानच्या कर्जातून उभी राहिली. जपानची जायका ही संस्था प्रकल्प संपल्यावर काही वर्षांनी बाहेरच्या मूल्यमापकांना पाठवते आणि त्यांचा अहवाल संकेतस्थळावर ठेवते. अंदाज किती होता, प्रत्यक्षात प्रवासी किती, खर्च कुठे वाढला, सगळं त्यात असतं. ब्रिटनमध्ये 2011 मध्ये मदतीवर नजर ठेवणारा स्वतंत्र आयोग स्थापन झाला. त्यानं 2023 मध्ये भारताला दिलेल्या ब्रिटिश मदतीचा अहवाल काढला, आणि ब्रिटनच्याच सरकारचं काम विखुरलेलं आहे अशी टीका केली. या अहवालांमुळे ना जपानशी आपले संबंध बिघडले, ना ब्रिटनशी. आपल्याबद्दल दुसऱ्यांनी केलेली तपासणी आपण वाचू शकतो, मग आपण केलेल्या मदतीची तपासणी आपण का करून छापू नये?

मनुष्यबळ कमी आहे, अधिकारी दर तीन वर्षांनी बदलून जातात, हे मला माहीत आहे. 2007 च्या सुमारास स्वतंत्र विकास सहकार्य संस्था काढायचं घाटत होतं. ते मागे पडलं. ती नव्यानं काढण्याची वाट पाहत थांबू नका. सुरुवातीला प्रत्येक प्रकल्पाचं एक पान पुरे. मंजुरीची तारीख, रक्कम, कुणी बांधलं, केव्हा पूर्ण झालं, देखभालीचा खर्च कोण करतं, शेवटची तपासणी केव्हा झाली आणि तेव्हा काय आढळलं. अफगाणिस्तानात हेरातजवळचं सलमा धरण आणि झरंज ते डेलाराम हा 218 किलोमीटरचा रस्ता आपण बांधला. त्या रस्त्यासाठी सीमा सडक संघटनेच्या माणसांनी जीव गमावला. काबूलमधलं सरकार बदललं तरी धरण आणि रस्ता जिथल्या तिथे आहेत. या कामांची पानंसुद्धा उघडी ठेवली पाहिजेत. ज्यांनी तिथे प्राण दिले त्यांच्या घरच्यांना तरी आज त्या रस्त्यावरून गाड्या जातात का, हे कळायला हवं.

तपासायला माणसं कुठून आणायची, याचं उत्तर तुमच्याकडेच आहे. दरवर्षी आपले दूतावास आयटेक दिन साजरा करतात. भारतात शिकून गेलेले लोक येतात, आठवणी सांगतात, जेवण होतं. त्यातले कितीतरी जण आज त्यांच्या देशात कृषी, आरोग्य, वीज, पाणीपुरवठा या खात्यांत जबाबदारीच्या जागांवर आहेत. आपली यंत्रं त्यांच्या तालुक्यांत आहेत. यंदाच्या आयटेक दिनाला आलेल्या प्रत्येकाला विचारा, तुमच्या भागात भारताच्या मदतीतून काय उभं राहिलं आहे, ते आज चालू आहे का, नसेल तर काय लागेल. उत्तरं एका वहीत उतरवून घ्या आणि दिल्लीला पाठवा.

सिंचनाचे पंप आणि कृषी यंत्रं यांच्या तपासणीसाठी प्रश्नांचा नमुना मी करून द्यायला तयार आहे, त्याचा मोबदला नको. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी जे अजून पत्रव्यवहार करतात त्यांना विचारून पहिल्या फेरीची माहितीही जमवता येईल. मंत्रालयातून कुणी कळवलं तर कागद घेऊन दिल्लीला येईन.

कळावे.

आपला,
आयटेक वर्गांना शिकवलेला एक अभियंता